गुडघ्याएवढ्या उंचीवरचं पोळं

गांधीलमाश्या पोळं कुठं बांधतात हे बघत फिरणं, हे एखाद्याचं काम असू शकतं असं बाहेरच्या माणसाला पटत नाही. आमच्या मेरेलावा बेटावर ते काम होतं, आणि बार्नाबस मामा गेल्यापासून ते एडनाकडे होतं. अळूचा मळा, दोन डुकरं, लग्नाची मुलगी आणि चढणीनं धरलेले गुडघे सांभाळून ती ते करायची. आमचं बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला एक डोंगर. दगडी बांध घालून मळे धरलेत, आणि शेजारणीकडे विस्तव मागायला जायचं तरी एक चढ नाहीतर एक उतार असतोच. पांगारा लाल फुलला की एडना काठी घेऊन निघायची आणि पाच-सहा दिवस सगळी झाडंझुडपं पालथी घालायची.

पोळं झाडाच्या शेंड्याला लटकलं असेल, तर वर्ष स्वच्छ. झुडपात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पानाआड दडवलेलं असेल, तर नाताळानंतरच्या उकाड्यात मोठा वारा येणार. मोठा वारा म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही आणि ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. रेडिओ बेटावर एकच होता, पाद्रीबाबांकडे, आणि त्याची बॅटरी वर्षातून दोनदा जहाजानं यायची. एरवी तो चर्चमधल्या टेबलावर फुलदाणीशेजारी शोभेला बसलेला असायचा.

आमच्यात जमीन, डुकरं आणि स्वभाव आईच्या भावाकडून येतो. बार्नाबस मामाला एक भाचा होता, वॉल्टर, आणि एक भाची, एडना. काम वॉल्टरला मिळणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. दोघं लहान असताना मामानं त्यांना एका पोळ्याखाली नेऊन उभं केलं. वॉल्टर म्हणाला, "मामा, याचा अर्थ काय?" एडना म्हणाली, "मामा, गेल्या वर्षी हे कुठं होतं?" झालं, निकाल लागला. वॉल्टरनं ते कधी बोलून दाखवलं नाही, पण एडना, आधी मामाबरोबर आणि मग एकटी, फेरीला निघाली की तो आपल्या दारात बसून लाकूड तासत असायचा आणि मान वर करायचा नाही. चाळीस वर्षं हेच.

मामानं तिला बाकीचंही शिकवलं. नीरफणस फांदीच्या टोकाला धरलाय की खोडाला चिकटून, केळीचं नवं पान सरळ उघडतंय की मुरडतंय, माडावर चढणारे मोठे खेकडे कधी वरच्या रानात पळतात, मुंग्या अंडी घेऊन छपरात कधी शिरतात. पण हे सगळं मागून येतं. आधी ठरवतात त्या माश्या. आणि त्यांच्या बाबतीत मामाचा एक दंडक होता. "उंचावर दहा पोळी असली आणि खाली एकच असलं," तो म्हणायचा, "तर खालचं खरं. उंचावर त्या सवयीनं बांधतात. खाली बांधतात त्या भिऊन."

या कामाला एक जाच होता. वारा येणार असं सांगितलं, की सांगणाऱ्यानं आधी स्वतःचं मोडायचं. स्वतःच्या केळी कमरेतून तोडायच्या, म्हणजे वारा त्यांना मुळासकट उपटत नाही. अळूची पानं खुडायची. झाडावरचे नीरफणस उतरवून, सोलून, पेवात पानांच्या थरांत दाबायचे. ते आंबतात आणि दोन-दोन वर्षं टिकतात. सांगणाऱ्याचं पेव भरल्याशिवाय गावात दुसरं कुणी भरत नाही, आणि एकदा ते भरलं की कुणी मागे राहत नाही. मग हंगाम संपेपर्यंत मेजवानी नाही, आणि एकही होडी समुद्र ओलांडत नाही. वारा आलाच नाही, तर सांगणाऱ्यानं वर्षभर आंबट खायचं आणि गावानं हसायचं. बार्नाबस मामावर ही पाळी एकदाच आली, पण लोक त्याला मरेपर्यंत 'आंबट बार्नाबस' म्हणत राहिले. तो म्हणायचा, "हसा, हसा. पोट भरलेलं असलं की हसू येतंच."

असं हे काम एडना तीन वर्षं नेकीनं करत होती. चौथ्या वर्षी लेटीचं लग्न होतं.

लेटी तिची एकुलती एक. बाप लहानपणीच गेला. लेटीचं सत्तावीस संपत आलं होतं, आणि गौआ बेटावरच्या सेसिलशी तिचं ठरून पाच वर्षं झाली होती. गौआ आमच्याकडून स्वच्छ दिवशी दिसतं. तिथं राहायला गेलेली आमचीच माणसं आहेत. लग्न पहिल्यांदा थांबलं ते बार्नाबस मामा गेला म्हणून. शंभर दिवस काही करायचं नसतं, आणि तेवढ्यात हंगाम उलटला. दुसऱ्यांदा थांबलं ते डुकरामुळं. नवऱ्या मुलाचा बाप क्लेमेंट नवरीच्या मामाला, म्हणजे वॉल्टरला, द्यायला सुळे वळलेला डुक्कर वाढवत होता. सुळे पुरते वळायला सात वर्षं लागतात, आणि तो डुक्कर सहाव्या वर्षी मेला. दुसरा मिळवेपर्यंत आणखी दोन वर्षं गेली. आता क्लेमेंटचा निरोप आला होता, "डुक्कर तयार आहे, होडी तयार आहे. तिसऱ्यांदा मी थांबणार नाही. मला मुलाला म्हातारपणी बोहल्यावर चढवायचं नाही."

लेटी संध्याकाळी ओट्यावर बसून केवड्याच्या पानांच्या चटया विणायची. तिची आत्या, हिल्डा, येता-जाता तिची फिरकी घ्यायची.

"काय गं, चटया विणतेस की घर बांधतेस? एवढ्या चटयांत अख्खं गौआ झोपेल."

"तुझ्यासाठीपण एक विणलीय, आत्या. तोंडावर घ्यायला."

आत्याला असं बोलायची आमच्यात रीत नाही, पण हिल्डाला तेच हवं असायचं. ती पोट धरून हसायची आणि मग हळूच म्हणायची, "विण बाई. या खेपेला तरी त्यांच्यावर कुणीतरी झोपू दे."

लेटी हसायची नाही. विणकाम उसवून पुन्हा सुरू करायची. एडना शेजारी बसून पानं चिरून द्यायची आणि हे सगळं बघायची. मुलीच्या केसांत तिला एक पांढरा दिसला होता. तो तिनं कुणाला सांगितला नाही.

त्या वर्षी पांगारा फुलला आणि एडनानं पाच दिवस फेरी केली. एक पोळं आंब्याच्या शेंड्याला, एक जंगली बदामावर, दोन कड्यावरच्या वडाला, सगळी मान मोडेल इतक्या उंचीवर. ती खुशीत घरी आली. सहाव्या दिवशी ती तण काढायला स्वतःच्या मळ्यात गेली. वरच्या बांधाला तिनं हौसेनं लावलेलं क्रोटनचं झुडूप होतं. खुरपं घेऊन ती खाली वाकली, आणि पानाआड, बरोबर तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, मुठीएवढं राखाडी पोळं होतं. नवं होतं. कडा अजून ओल्या होत्या. माश्या गडबड न करता कामात होत्या.

एडना त्याच्यासमोर बसली. किती वेळ बसली ते तिलाही सांगता आलं नाही. ते गावात जाऊन सांगितलं तर काय होणार हे तिला पाठ होतं. आपल्या केळी आपण तोडायच्या, पेव भरायचं, होडी यायची नाही, आणि क्लेमेंट तिसऱ्यांदा थांबायचा नाही. लेटी काही बोलणार नाही. ती नुसती चटया गुंडाळून आढ्याला टांगेल. एडनाला त्या टांगलेल्या चटया समोर दिसल्या, आणि मामाचा दंडक आठवत असतानाच तिनं नारळाची सोडणं गोळा केली, पेटवली, धूर केला आणि केळीच्या पानात धरून ते पोळं झुडपापासून पिळून काढलं. तीन माश्या तिला अंगठ्याच्या खाली डसल्या. पोळं तिनं विस्तवात टाकलं, राख मातीत पुरली आणि वर पाय देऊन उभी राहिली.

रविवारी प्रार्थनेनंतर चावडीपुढं सगळे जमले. एडना उभी राहिली आणि म्हणाली, "वर्ष स्वच्छ आहे."

लोकांनी टाळ्या पिटल्या. हिल्डानं लेटीला मिठी मारली आणि इतक्या जोरात मारली की ती ओरडली. पुरुष नशेच्या पेयासाठी काव्याची मुळं कुटायला बसले. एडनाचा उजवा हात मनगटापर्यंत सुजलेला होता आणि तिनं तो झग्याच्या चुण्यांत धरला होता, पण वॉल्टर गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आला.

"हाताला काय झालं?"

"गोम चावली."

वॉल्टरनं तिचा हात उचलून जवळून पाहिला. "गोमेचे दोन दात असतात," तो हळूच म्हणाला. "हे तीन आहेत."

एडनानं वर पाहिलं. एवढ्या वर्षांत भावाबहिणींनी एकमेकांच्या डोळ्यांत इतका वेळ पाहिलं नव्हतं. मग वॉल्टरनं हात खाली सोडला. "गोमच असेल," तो म्हणाला आणि कावा प्यायला गेला. सुळे वळलेला डुक्कर त्याच्या दारात येणार होता, हे इथं विसरायचं नाही.

पुढचे चार महिने झाडंपेडं आणि किडामुंगी जणू एडनाच्या मागेच लागली.

आधी नीरफणस. तो इतका लागला की म्हाताऱ्यांनाही असा आठवत नव्हता, आणि सगळा खोडाला चिकटून, खालच्या फांद्यांवर. हात वर न करता तोडता यावा असा. गाव हरखलं. "लेटीच्या लग्नासाठी झाड कसं लगडलंय बघा!" म्हणत लोक एडनाला हाक मारून दाखवायचे. ती बघायची, मान हलवायची आणि पुढं निघायची. वारा यायच्या वर्षी झाड असंच धरतं. पुढचं सगळं जाणार हे त्याला आधी कळतं, म्हणून ते आहे तेवढं आत्ताच देऊन टाकतं. आपण सोडून हे गावात कुणालाच कसं दिसत नाही, असं तिला वाटायचं. दिसत होतं. जुन्या माणसांना थोडंफार सगळंच दिसत होतं. पण एडनानं स्वच्छ म्हटलं होतं, आणि ज्याचं काम त्यानं एकदा सांगितलं की आपण कशाला डोकं चालवायचं, ही आमची सवय. बरीही सवय आहे ती, एरवी.

मग केळी. नवं पान निघायचं ते शेंड्याशी मुरडून खाली वाकायचं. एका सकाळी एडनानं असं एक पान दोन्ही हातांनी हळूहळू उलगडून सरळ केलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मुरडलेलं होतं. तिला त्या केळीचा राग आला. झाडाला शिव्या देणारी एडना त्या दिवशी हिल्डानं पाहिली.

"कुणाशी भांडतेस गं?"

"कुणाशी नाही, वन्सं. पान अडकलं होतं."

"लग्नघरातली आई," हिल्डा म्हणाली. "डोकं फिरायचंच."

नाताळाला मुंग्यांची रांग चुलीजवळून निघून खांबावरून छपरात गेली. प्रत्येकीच्या तोंडात एक पांढरं अंडं. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मोठे खेकडे भर दिवसा चर्चच्या पायऱ्या चढून वर रानाकडे गेले. माणसांनी हसत त्यांतले तीस पकडले आणि लग्नासाठी बांधून ठेवले. एडना रोज ठरवायची, उद्या सांगायचं. आणि रोज एक दिवस उशीर झालेला असायचा. काल सांगितलं असतं तर नुसतं लग्न मोडलं असतं. आज सांगितलं तर काल का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं. तिचं अन्न तुटलं. गाव म्हणालं, मुलगी जाणार म्हणून आई झुरतेय.

लग्नाच्या आठवड्यात मांडव घातला. नवरीला बसायला बांबूचं बाक केलं. गौआकडून होडी यायची असली की आमची एक पद्धत आहे. सकाळी उजाडताच ते त्यांच्या टेकडीवर धूर करतात. आम्ही आमच्या कड्यावर ओली पानं टाकून उलट धूर केला, तर या. नाही केला, तर थांबा. मग ते वल्ही उचलतात आणि दुपार कलेपर्यंत इथं पोचतात. कड्यावर दोन दिवस आधीच लाकडं रचून ठेवली होती.

त्या सकाळी एडना मांडव झाडायला गेली. समुद्र इतका शांत होता की किनाऱ्यावर पाणी चाटल्याचाही आवाज नव्हता. फक्त बऱ्याच वेळानं एकदा, लांबून, एक जाडजूड लाट यायची आणि न फुटता कड्याला लागायची. दुभंगल्या शेपटीचे ते मोठे काळे समुद्रपक्षी, जे एरवी जमिनीकडे फिरकत नाहीत, चर्चच्या छपरावर ओळीनं बसले होते. एडनानं बाकाखालचा पाला ओढायला हात घातला आणि तशीच थांबली. बाकाच्या पायाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, लिंबाएवढं नवं पोळं होतं. लेटी ज्या बाकावर बसणार होती त्याच्या खाली.

तेवढ्यात कड्यावरून आरोळी आली, "धूर! गौआचा धूर!"

सगळं गाव कड्यावर धावलं. लेटी आधीच तिथं होती, अंगाला लाल माती लावलेली, केसांत पांढरी पिसं. वायव्येला, गौआच्या डोक्यावर, धुराची एक उभी रेघ होती. वारा नव्हता म्हणून अगदी सरळ. वॉल्टरनं पेटती कोलती एडनापुढं धरली. उत्तराचा धूर नवरीच्या आईनं करायचा असतो.

"करायचा नाही," एडना म्हणाली.

"काय?"

"धूर करायचा नाही. त्यांना बोलवायचं नाही. वारा येतोय."

लोक हसले. हिल्डा म्हणाली, "मुलगी निघाली की आई रडते, हे ठाऊक होतं. वारा आणते हे पहिल्यांदाच बघतेय."

"वन्सं, ऐका. पोळं खाली होतं. माझ्याच मळ्यात, क्रोटनखाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी ते जाळलं." तिनं उजवा हात पुढं केला. अंगठ्याच्या खाली तीन काळपट डाग अजून होते. "आता त्यांनी मांडवात बांधलंय. वीतभर उंचीवर. जाऊन बघा."

कुणी गेलं नाही.  मग वॉल्टर त्या डागांकडे बघत म्हणाला, "म्हणजे गोम नव्हती." जसं काही त्याला आत्ताच कळलं. एडनानं त्याच्याकडे पाहिलं. ती तिथंच सगळ्यांना सांगू शकली असती. तिनं सांगितलं नाही. ते पुढं खुद्द वॉल्टरनंच एकदा कावा चढल्यावर चावडीत ओकलं.

लेटी पुढं आली. "कधी जाळलंस?"

"पांगारा फुलला तेव्हा."

"चार महिने तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसून पानं चिरत होतीस."

"हो गं बाळा. तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी होतं, तर आजही गप्प बसायचं होतंस," लेटी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "दोनदा थांबले मी. तू म्हणालीस वर्ष स्वच्छ आहे. मी तेवढंच ऐकलंय." तिनं वॉल्टरच्या हातातून कोलती ओढली. घाईत पेटत्या बाजूनंच धरली, हात भाजला, तरी सोडली नाही. ती लाकडांत खुपसली आणि वर ओली पानं टाकली.

आम्ही सगळे तिथं होतो. तिचा हात धरायला दोन पावलं पुरली असती. भट्ट्यांतले दगड तापलेले होते, किसलेल्या कंदांच्या लापलापची पानं भरून तयार होती, बांधलेले खेकडे टोपल्यांत खरवडत होते, आणि समुद्र तर तेलासारखा शांत होता. कुणी हात धरला नाही. आमचा धूर गौआच्या धुरासारखाच सरळ वर गेला.

एडना वळली आणि उतरून आपल्या मळ्यात गेली. तिनं कोयता घेतला आणि पहिली केळ कमरेतून तोडली. मग दुसरी. लग्नासाठी राखलेले घड तिनं एकेक करून खाली पाडले. रीत हीच होती, आधी सांगणाऱ्यानं स्वतःचं मोडायचं. चार महिने उशिरा का होईना, एडना ती पाळत होती. थोड्या वेळानं बांधापलीकडून कोयत्याचा आवाज आला. शेजारचा माणूस आपल्या केळी तोडत होता. मग वरून, मग खालून. दुपारपर्यंत सगळ्या डोंगरावर खटाखट चाललं होतं.  आपापल्या केळींपुरता एडनावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. तो तासाभरापूर्वी कड्यावर ठेवला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

होडी निघाल्याचं मळ्यातूनही दिसलं. शीड टाकलेलं, वल्ही चाललेली, एक ठिपका. मग पूर्वेकडचं आभाळ तांब्याच्या भांड्यासारखं झालं. लेटी कड्यावरच उभी होती. तिनं पुन्हा धूर केला. आधी एक, मग शेजारी दुसरा, मग तिसरा. पण धुराला आमच्यात एकच अर्थ आहे, 'या'. परत जा असं सांगणारा धूर आमच्यात नाही. तिकडं होडीतल्यांना वाटलं असणार, कसली घाई झालीय यांना. ते जोरात वल्हवायला लागले.

वारा दुपारी आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत होता. माणसं डोंगरातल्या कपारीत शिरली म्हणून गावातलं कुणी गेलं नाही. एकही घर उरलं नाही. मांडवाचं नखही सापडलं नाही. पेवं रिकामी होती, कारण एडनाचं भरलं नव्हतं, म्हणून कुणाचंच भरलं नव्हतं. ते वर्ष आम्ही रानातली कंदमुळं आणि झाडांचे कोंब खाऊन काढलं. खोडाला लगडलेला तो सगळा नीरफणस आठवडाभर उतारावर कुजत पडला होता आणि त्याचा गोड वास सगळीकडे होता.

होडीत चौदा माणसं होती. वाटेवरच्या मेरिग नावाच्या टिकलीएवढ्या बेटावर पाच जण जिवंत लागले. त्यांत क्लेमेंट होता. सेसिल नव्हता.

क्लेमेंट तीन महिन्यांनी मिशनच्या जहाजानं आला. एडनानं त्याला बसायला चटई टाकली. घरात तेवढ्या एकाच चटईचा तुकडा राहिला होता. तो बसला. शिवी देईल, मारेल, याची ती वाट बघत होती. ते तिला बरं वाटलं असतं.

"लाट आम्हालाही दिसत होती, एडना," तो म्हणाला. "पोरं म्हणत होती, आज नको. मी म्हटलं, एडनाचा धूर आहे, चला."

धूर कुणी केला ते एडनानं त्याला सांगितलं नाही. लेटी दाराशी उभी होती. ती आत आली, त्याच्यासमोर बसली आणि उजवा हात उघडून त्याच्यापुढं धरला. तळव्यावर कोलतीचा लांबट चट्टा होता. "तिचा नव्हता," ती म्हणाली. क्लेमेंटनं तो चट्टा पाहिला, मग उठून जहाजावर गेला. त्यानंतर तो आमच्या बेटावर आला नाही.

पुढच्या वर्षी वाऱ्यानं मोडलेल्या पांगाऱ्यालाही फुलं आली. एडना काठी घेऊन निघाली. तिला जा असं कुणी म्हणालं नाही आणि नको असंही नाही. हे काम येणारं दुसरं कुणी नव्हतंच. वॉल्टर दारात नव्हता. रविवारी ती नव्या चावडीपुढं उभी राहिली, तोंड उघडलं, आणि गर्दीतून लेटीचा आवाज आला.

"आधी हात दाखव."

एडनानं दोन्ही हात पुढं केले. लेटीनं ते उलटसुलट करून पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, बाही कोपरापर्यंत वर सारून पाहिलं. मग म्हणाली, "सांग."

"वर्ष स्वच्छ आहे."

या खेपेला टाळ्या नव्हत्या. लोक उठून घरी गेले. लेटी मात्र मळ्यात गेली, कोयता घेतला आणि आपल्या केळी कमरेतून तोडल्या. हंगाम आल्यावर झाडावरचे नीरफणस उतरवून मायलेकींनी पेव भरलं. सांगणारीचं पेव भरलं की गावानं भरायचं असतं. पण वर्ष तर स्वच्छ सांगितलेलं, त्यामुळं काय करावं ते आम्हाला कळेना. आम्ही भरलं नाही, आणि वाराही आला नाही.

त्याला आता अकरा वर्षं झाली. दर वर्षी लेटी आईचे हात बघते, दर वर्षी एडना खरं तेच सांगते, आणि ती काहीही सांगो, त्या दोघी केळी तोडतात, पेव भरतात आणि वर्षभर आंबट खातात. लेटीनं मग लग्न केलंच नाही. हिल्डा आत्या आता थकलीय, पण जीभ तीच आहे. सगळ्या गावाची टर उडवते. बार्नाबस मामाला आंबट म्हणणाऱ्यांत तीच पहिली होती. संध्याकाळी मायलेकी ओट्यावर आंबलेला नीरफणस भाजत बसतात, वास खालपर्यंत येतो, आणि हिल्डा तिथून जाताना काही न बोलता जाते.